कामाची छोटी वाट आणि डोक्यावरचा मांजा

गेल्या आषाढात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो होतो. महिला मंडळाच्या चार-पाच जणी रक्तदाब मोजून घेत होत्या. तेवढ्यात वस्तीतला एक पोरगा मोबाईल पुढे करत आला. सकाळी आयटीआय करतो आणि दुपारनंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून जातो. म्हणाला, "सिस्टर, हे बघा जरा. असं मला जमंल का?"

व्हिडिओ परदेशातला होता. एक माणूस पाठीला दप्तर अडकवून कामावर निघालाय. पायाखाली चार चाकांची तीन-साडेतीन फुटी फळी, हातात दांडी, दांडीला दोऱ्या आणि पुढे आकाशात मोठा कापडी पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो. पेट्रोल नाही, पायडल नाही. त्या फळीला लाँगबोर्ड म्हणतात. साध्या स्केटबोर्डपेक्षा ती लांब असते, चाकं मोठी आणि मऊ असतात, म्हणून लांबचं अंतर कापायला बरी पडते.

पायरीवरच्या बायका हसल्या. एक मावशी म्हणाली, "वाऱ्यानं उडून थेट विजापूरला जाशील रं." पण आम्हाला हसू आलं नाही, कारण पोराचा हिशोब चुकीचा नव्हता. शेअर रिक्षाला जाऊन-येऊन समजा चाळीस रुपये पडतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस रुपये झाले. मदतनीसाच्या पगारातून हजार रुपये नुसते वाटेवर सांडायचे, तेही चार-पाच किलोमीटरसाठी. एवढी छोटी वाट स्वतःच्या बळावर किंवा वाऱ्याच्या बळावर का कापू नये, हा त्याचा प्रश्न होता. आरोग्याच्या पानावर तो घ्यावा असं आम्हाला वाटलं, कारण वस्तीतल्या निम्म्याअधिक माणसांचा दिवस याच छोट्या वाटेने सुरू होतो आणि तिच्याच शेवटी संपतो.

पतंगाची गाडी ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल गावी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं आणि ती रस्त्यावर पळवूनही दाखवली. त्या काळी तिकडे टोल घ्यायचे तो गाडीला किती घोडे जुंपलेत त्यावरून. मास्तरांच्या गाडीला घोडाच नाही, मग टोल कशाचा घेणार? त्यांनी आपल्या मुलीलाही खुर्चीत बसवून पतंगाने वर उचललं होतं. पुढे त्या मुलीच्या पोटी डब्ल्यू. जी. ग्रेस हे नामांकित क्रिकेटपटू जन्माला आले. आजोबांच्या गाडीला दोनशे वर्षं होत आली, तरी रोजच्या कामाला जायला ती कोणी वापरत नाही. याचं कारण सोलापुरातही तेच आहे आणि ते आम्ही पोराला समजावून सांगितलं.

पतंग वाऱ्याच्या दिशेने नेतो, थोडं आडवंही नेतो. पण वाऱ्याच्या तोंडात सरळ नेत नाही. तिकडे जायचं तर नागमोडी जावं लागतं आणि त्यासाठी रुंद, मोकळी जागा लागते. समुद्राची पुळण, कोरडं पडलेलं तळं, नाहीतर मोठं मैदान. आषाढात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. एमआयडीसी शहराच्या आग्नेयेला. म्हणजे जाताना वारा पाठीशी घेऊन पोरगा वेळेवर पोहोचेल, पण सुट्टी झाल्यावर तोच वारा तोंडावर येणार. मग फळी काखेत मारून पायी यायचं. शिवाय त्या पतंगाच्या दोऱ्या वीस-वीस मीटर लांब असतात. आपल्या रस्त्यावर एवढ्या उंचीत विजेच्या तारा आहेत, केबल आहे, लिंबाची झाडं आहेत, पुढाऱ्यांचे फलक आहेत. खाली खड्डे आणि खडी. लहान चाक एका खड्यावर अडलं की माणूस पुढे फेकला जातो आणि हात टेकवून पडतो. अशा पडण्यात मनगटाचं हाड मोडतं. माग चालवणाऱ्याचं किंवा विड्या वळणारीचं मनगट म्हणजे घरची चूल आहे, ते अशा खेळात घालायचं नाही.

एवढं ऐकून गप्प बसला तर तो वस्तीतला पोरगा कसला. आपल्या मुलांना चाकांची फळी नवीन नाही. वर्कशॉपमधले टाकाऊ बेअरिंग घ्यायचे, दोन लाकडी दांडे, एक फळी, पुढच्या दांड्याला वळवायला सुतळी, की झाला बेअरिंगचा गाडा. तुमच्यापैकी किती जणांचे गुडघे त्यावरून फुटलेत ते तुम्हीच आठवा. पोराने तसाच गाडा केला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स फाडून बांबूच्या कामट्यांवर ताणला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना मैदानावर घेऊन गेला. वारा जोरात होता. गाडा दहा-बारा फूट खरंच आपोआप गेला. पोरांनी आरडाओरडा केला. मग फ्लेक्स एकदम एका बाजूला झुकला, गाडा कलंडला आणि आमचं काम सुरू झालं. कोपर सोलवटलं होतं. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुतलं, वाळू काढली, धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाठवलं. हळद लावू दिली नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. तिथे २०१५ साली स्केटबोर्डसाठी सिमेंटचं मैदान बांधलं गेलं. नियम दोनच होते. शाळेला गेला नाहीस तर बोर्ड मिळणार नाही, आणि बोर्डवर पहिला हक्क मुलींचा. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वेगळ्या वस्त्या होत्या, एकमेकींत ये-जा नव्हती. मुलं एकाच फळीवर एकामागून एक चढायला लागली. त्यातली आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत गेली. तेव्हा फळीला नावं ठेवू नयेत. ती खेळाच्या जागी उत्तम आहे. फक्त आपल्या एमआयडीसीच्या रस्त्यावर ती वाहन होऊ शकत नाही.

मग पोराने काय करावं? त्याच्या घरी आजोबांची सायकल पडून होती. आजोबा गिरणीत होते. सोलापुरात तेव्हा जुनी मिल होती, नरसिंग गिरजी होती, लक्ष्मी-विष्णू होती. भोंगा झाला की गल्लीगल्लीतून माणसं पायी नाहीतर सायकलीवर निघायची. वस्त्या गिरण्यांच्या भोवतीच वसल्या होत्या, म्हणून वाट छोटी होती. गिरण्या बंद झाल्या, कामं यंत्रमागाच्या शेडमध्ये, विडी कारखान्यांत, एमआयडीसीत पांगली. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घर मिळालं ही फार मोठी गोष्ट झाली, पण शहरातल्या कामाची वाट मात्र लांबली. ज्यांची वाट अजून चार-पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांनी ती आपली शिल्लक समजावी. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांना, कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. देशभरात त्यांच्यातले सुमारे तेवीस टक्के पायी आणि तेरा टक्के सायकलीने जात होते. म्हणजे सायकलीवर जाणारा कोणी मागासलेला, एकटा माणूस नाही.

सायकलीने चार-पाच किलोमीटरला वीसेक मिनिटं लागतात. जाऊन-येऊन चाळीस. आठवड्याचे सहा दिवस धरा, दोनशे चाळीस मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम मेहनतीचा व्यायाम सांगते. आपला तो वाटेतच पुरा होतो, जिमची फी न भरता. साखर आणि रक्तदाब ज्यांना आहे त्यांना याचा फायदा औषधाच्या बरोबरीने होतो. औषध सोडून नव्हे, हे दोनदा वाचा.

काही जण आम्हाला म्हणतात, "सिस्टर, मागावर बारा तास उभं राहतो, आणखी कसला व्यायाम?" उभं राहणं हा व्यायाम नाही. त्यात रक्त पायात साचतं, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. सायकल मारताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि सुटतो, तोच रक्त वर ढकलतो. विड्या वळणाऱ्या बहिणींचं उलट आहे. त्या दिवसभर मांडी घालून वाकून बसतात. तयार विड्या कारखान्यात द्यायला पायी जाणं हीच त्यांच्या कंबरेची एकमेव सुटका असते. मात्र थोडं चाललं तरी धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, नखं पांढरी दिसत असतील, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. रक्त सात-आठ असताना चालण्याचा हट्ट करू नका. आणि चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारच्या पाळीला जाणाऱ्याने डोक्याला ओला पंचा आणि जवळ पाण्याची बाटली ठेवल्याशिवाय निघू नये.

वाऱ्याचंही पोराला सांगितलं. वारा तोंडावर असेल त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघायचं. जोर लावून वेग धरायचा नाही, कारण जितकं जोरात जाल त्याच्या कितीतरी पट वारा अडवतो. अंग थोडं वाकवायचं, डबा हँडलला न लटकवता कॅरियरला बांधायचा. सायकलवाल्याने जुनी सायकल सातशे रुपयांत चालू करून दिली. दिवाळीपर्यंत पोरगा तिच्यावरून कामावर जायला लागला. आमच्या मते गोष्ट इथेच संपली होती.

संक्रांत जवळ आली, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू झाली, आणि पोराच्या आईने विहारात आम्हाला गाठलं. "तुम्ही सायकल द्यायला लावली. आता वर पतंग आणि खाली माझं पोरगं. गळा कापला तर?"

तिच्या बोलण्याने आम्हाला जुनी एक संध्याकाळ आठवली. त्या वेळी आम्ही एका रुग्णालयाच्या अपघात विभागात ड्युटीला होतो. जानेवारीचे दिवस. पहिली पाळी संपवून दुचाकीवरून घरी निघालेला तिशीतला एक माणूस दोघांनी धरून आणला. शर्ट छातीपर्यंत भिजलेला. गळ्याच्या घाटीच्या वर आडवी चीर, जणू कोणी पट्टी ठेवून आखली आहे. त्याला नीट कळलंही नव्हतं काय झालं ते. गळ्याला काहीतरी घासलं म्हणून त्याने हात लावला, तर बोटंही कापली. बरोबर आलेल्यांच्या हातात धाग्याचा गुंता होता. बारीक, गुळगुळीत, हिरवट. आम्ही तो ओढून पाहिला, तुटेना. कात्रीने कापावा लागला.

तो माणूस वाचला. श्वासनलिकेला धक्का लागला नव्हता. पण उजव्या हाताच्या दोन बोटांचे स्नायूबंध कापले गेले होते आणि ती बोटं पूर्ववत वळली नाहीत. मागावर तुटलेल्या तारेला गाठ मारायला बोटं लागतात. दीड महिना घरी बसला, नगावर मजुरी असल्यामुळे एक रुपया मिळाला नाही. पुढे त्याने माग सोडला आणि रात्रीचा वॉचमन झाला.

हे सांगताना एक गोष्ट लपवणार नाही. त्या रात्री घरी आलो तर आमच्या भाच्याने आणलेली चक्री कपाटावर तशीच होती, तोच हिरवट धागा. चार दिवसांपूर्वी "एवढ्या कमी पैशात एवढा लांब दोरा, आणि तुटत पण नाही" असं त्याचं कौतुक आम्हीच केलं होतं. नर्सिंगची पदविका घेतलेल्या बाईने.

दोऱ्याशी आपलं नातं जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ वाटे. जास्त पगाराचं काम त्या एका धाग्यामुळे बंद होतं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. तो धागा सुताचा होता. आताचा धागा प्लास्टिकचा आहे, आणि तो दुसऱ्याने आपल्यावर लादलेला नाही. आपलीच पोरं तो विकत आणतात आणि आपल्याच माणसाच्या वाटेवर सोडतात.

सुती दोरा आणि हा नायलॉन मांजा यांत फरक काय? सुती दोरा, अगदी काचेची पूड लावलेला असला तरी, ताण आला की तुटतो. कापतो तोही, पण नायलॉनइतका टिकत नाही. नायलॉन तुटत नाही. पतंग कटला की तो धागा झाडाला, खांबाला, गच्चीच्या कठड्याला अडकतो आणि रस्त्यावर आडवा ताणला जातो. तो दिसत नाही. माणूस त्याच्यावर जितक्या वेगाने जातो तितका तो आत रुततो. म्हणून पायी चालणाऱ्याला कमी, सायकलस्वाराला त्याहून जास्त आणि दुचाकीस्वाराला सगळ्यात जास्त धोका असतो. पुण्यात २०१८ या एका वर्षात दुचाकीवरून जाणाऱ्या दोन महिला गळा चिरून मरण पावल्या. पावसात भिजल्याने तो कुजत नाही, म्हणून संक्रांत झाली की धोका संपला असंही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही तो झाडावरून खाली लोंबतो. काही धाग्यांवर धातूची भुकटी असते, तो विजेच्या तारेला लागला की पतंग उडवणाऱ्या पोरालाच झटका बसतो.

पोराच्या आईला आम्ही जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. सायकल सोडायची नाही. संक्रांतीच्या आगेमागे दोन महिने गळ्याला सुती मफलर किंवा ओढणीचे तीन-चार वेढे, हनुवटीपासून कॉलरपर्यंत. कापड धागा थांबवत नाही, पण थांबायला क्षणभर वेळ देतं. मात्र ओढणीची टोकं शर्टाच्या आत खोचलीच पाहिजेत. मागच्या चाकात ओढणी अडकून गळा आवळलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत, एका संकटातून दुसऱ्यात जायचं नाही. दुचाकी असेल तर काच खाली केलेलं, तोंड झाकणारं हेल्मेट घाला, आणि हँडलला पुढे उभी वाकवलेली लोखंडी सळई बसवून घ्या. वेल्डिंगवाला थोड्या पैशात करून देतो. लहान मुलाला स्कूटरच्या पुढे उभं करून नेऊ नका. आपल्या छातीला लागणारा धागा त्याच्या गळ्याच्या उंचीवर असतो. कोपऱ्यावर पोरं वर बघत धावताना दिसली की वेग कमी करा. धागा अंगाला लागला असं वाटलं तर हाताने झटकू नका. ब्रेक दाबा, थांबा, मग बाजूला करा.

आणि लागलंच तर? इथे घाईत चुका होतात, म्हणून हा भाग घरातल्या मोठ्या मुलांनाही वाचून दाखवा. गळ्यातून रक्त येत असेल तर माणसाला आडवं झोपवा. मानेतली मोठी शीर उघडी पडली असेल तर बसलेल्या स्थितीत तिच्यातून हवा आत ओढली जाण्याची भीती असते. स्वच्छ रुमाल किंवा पंचाची घडी जिथून रक्त येतंय तिथेच ठेवून तळहाताने दाबून धरा. गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका, मेंदूचं रक्त तुटतं. गळ्याभोवती फडकं आवळून बांधू नका. रक्त थांबलं का म्हणून दर मिनिटाला कापड उचलून बघू नका. भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. धागा रुतला असेल तर ओढू नका. जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, आवाज घोगरा झाला असेल, तोंडातून रक्त येत असेल तर श्वासनलिका कापली असण्याची शक्यता आहे. अशा माणसाला आडवं पडून श्वास घेता येत नसेल तर पुढे झुकवून बसवा किंवा कुशीवर ठेवा आणि त्याची श्वासाची वाट कापडाने बुजवू नका. पाणी, चहा काही पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. हळद, तंबाखू, चहापत्ती, काही नाही. १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या रिक्षातून सिव्हिल गाठा, पण दाबलेला हात वाटेत सोडू नका. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती मनातून काढा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

बोट कापलं तर बहुतेक जण पट्टी बांधून कामाला लागतात. एक तपासणी करा. बोट स्वतःहून पूर्ण वाकतं का, पूर्ण सरळ होतं का, टोकाला स्पर्श कळतो का? यातलं एक जरी नाही म्हणालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. स्नायूबंध ताजा असताना शिवला तर बोट वाचतं, पंधरा दिवसांनी गेलात तर डॉक्टरही हतबल होतात. आमच्या त्या रुग्णाचं हेच झालं. गळ्याच्या धावपळीत बोटांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, आमचंही नाही.

आता तो भाग जो आम्हाला त्या वेळी माहीत नव्हता. अपघात विभागात केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, काय झालं? आपण सांगतो, मांजा लागला. एवढ्यावर थांबू नका. "कामावर जात होतो" किंवा "पाळी सुटून घरी येत होतो", आणि वेळ, आणि जागा, हे सांगा आणि एम.एल.सी.च्या नोंदीत लिहून घ्यायला लावा. याचं कारण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून आलं आहे. धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघातात तो गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी घरच्यांना तीन लाख सव्वीस हजारांच्या घरात भरपाई मंजूर केली. पुढे उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अपघात कामावर झाला नाही, रस्त्यावर झाला, असा तो मुद्दा होता. बाई लढत राहिली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. घरातून कामावर जाण्याची वाट ही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग धरायची, असं सांगितलं. बावीस वर्षं लागली.

राज्य कामगार विम्याचं कार्ड असणाऱ्यांना ही सोय २०१० च्या दुरुस्तीपासूनच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ये-जा करतानाच्या अपघाताची तरतूद आहे. पण वेळ, जागा आणि संबंध दिसायचा कशावरून? कागदावरून. मागाच्या शेडमध्ये हजेरीची वही मालकाकडे असते आणि अपघातानंतर ती हरवते. म्हणून पगाराच्या चिठ्ठीचा फोटो, पाळीची वेळ लिहिलेला मालकाचा मोबाईलवरचा मेसेज, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं, आणि दवाखान्याचा तो केसपेपर. एवढं जवळ असेल तर युनियनचा माणूस किंवा वकील पुढे काहीतरी करू शकतो. आमच्या रुग्णाच्या पेपरवर "मांज्याने जखम" एवढे दोनच शब्द होते.

नायलॉन मांज्यावर बंदी आहे का? आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली. पोलीस दर वर्षी धाडी घालतात, तरी चक्री मिळते. विकणाऱ्याची माहिती ११२ वर द्या. पण पोलीस दुकानात जातात, आपल्या गच्चीवर येत नाहीत. गच्ची आपल्यालाच बघायची आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो, फार मोठं नाही. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी विहाराच्या दारात एक पोतं ठेवलं. नायलॉनची चक्री टाका आणि सुती दोऱ्याची घेऊन जा. सुती दोऱ्याला वर्गणी काढली. पहिल्या रविवारी चार चक्र्या आल्या, त्यातली एक आमच्या भाच्याची. दुसऱ्या रविवारी पोरं स्वतःच झाडांवरचा गुंता काढून आणायला लागली, कारण आणणाऱ्याला पतंग मिळत होता. हातात जुने मोजे घालायला लावले. विजेच्या तारेवरचा काढायचा नाही, त्यासाठी महावितरणला कळवायचं, हे दहा वेळा बजावलं. तरी एक जण खांबावर चढलाच, त्याला खाली उतरवून त्याच्या आईच्या ताब्यात दिलं. पोराच्या आईने सगळ्यात जास्त गुंता आणला, पोतं अर्धं तिचंच.

तो पोरगा अजून सायकलने जातो. गळ्याला आईने दिलेला निळा मफलर असतो, उन्हाळा लागला तरी काढत नाही म्हणून मित्र चिडवतात. वर्कशॉपमधून त्याने मोठी रबरी चाकं मिळवली आहेत. पुढच्या आषाढात मैदानावर पुन्हा गाडा काढणार आहे, या वेळी दोन दोऱ्यांचा पतंग. आम्ही अट घातली आहे की हेल्मेट हवं आणि दोर सुती, बोटाएवढा जाड, लांबून दिसेल असा लाल रंगवलेला.